पिठाचा पंजा

गिरणीत धूळ ओढणारं नवं यंत्र बसलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला समोरची भिंत स्वच्छ दिसली. बायकोचा खोकला आठवड्यात थांबला. मी फिटरचे आभार मानले, तर तो म्हणाला, "वडिलांचे माना."

वडील सहा वर्षांपूर्वी गेले होते. धुळीनं छाती भरली, म्हणून.

फिटरनं पाइपवरचा पांढरा ठसा दाखवला. अंगठा धरून चारच बोटं. एक वडिलांनी गिरणीच्या पट्ट्यात गमावलं होतं. जिथं बिघाड, तिथं पिठाचा पंजा मारून ठेवायचा, ही त्यांची सवय मला ठाऊक होती, आणि त्यांच्या वेळेपासून येणाऱ्या या फिटरलाही.

"इथं खोललं," फिटर म्हणाला, "तर जोड आतून फाटलेला."

पुढं ठसा पंख्याच्या बेअरिंगवर उमटला. हात नेला तर चटका बसला. आणखी तासाभरात धुळीनं पेट घेतला असता. मग गाळणीच्या एका पिशवीवर उमटला. तिला भोक होतं. ठसा कधी चुकला नाही. मेल्यावरही कामाला येणारा माणूस कुणाला मिळतो? मी रोज हात जोडायचो.

आज सकाळी सगळं यंत्र पाहिलं. ठसा कुठंच नव्हता. मनात म्हटलं, बाबा, आता निवांत बसा.

बायको चहा घेऊन आली आणि माझ्या मागं थांबली.

"अहो, पाठीला हे पीठ कुठून लागलं? थांबा, झटकते."

"झटकू नकोस," मी म्हणालो. "आधी बोटं मोज."