वाघखेड्याचा थांबा

"आमनं गाव कोठे शे, मास्तर?"

विकायला आणलेली डिंकाची पिशवी हातात तशीच धरून सुपडू वाकला होता. समोर टेबलावर जळगावपासून दोंडाईचापर्यंतच्या रेल्वेची प्रतिकृती होती. अठरा फूट लांब. ड्रॉइंग मास्तर लीलाधर ती रेल्वे-सप्ताहाच्या प्रदर्शनासाठी बांधत होते. टेकड्या गोणपाटाच्या, वरून प्लास्टर. झाडं वाळक्या गिलक्याच्या जाळीची, हिरव्या रंगात बुडवून काढलेली. शेतं खऱ्या काळ्या मातीची, वस्त्रगाळ करून डिंकाने चिकटवलेली. बोरी नदीत नुसती वाळू, कारण महिना एप्रिल. साल एकोणसत्तर.

"इथे." लीलाधरांनी शिंदखेड्याच्या पुढे ब्रश टेकवला. "पण तुमच्याकडे स्टेशन नाही, सुपडूभाऊ. म्हणून नुसती शेतं."

स्टेशन नव्हतं. रूळ होते. गाडी रोज वाघखेड्याच्या अंगावरून जायची आणि थांबायची नाही. बायका मिरचीची टोपली डोक्यावर घेऊन दोंडाईचाच्या बाजाराला चार कोस चालायच्या. सुपडूच्या बायकोचे, सुंदरबाईचे, गुडघे त्यातच गेले. थांब्यासाठी गावाने अकरा वर्षं अर्ज केले. उत्तर दरवर्षी तेच. नवीन थांबा देता येत नाही.

"डिंकनं काही देऊ नका," सुपडू म्हणाला. "थांबा द्या. बोटभर."

लीलाधर हसले, आणि दिला. काड्यापेटीची खोली, पत्र्याचं छप्पर, नावाची पाटी. फलाटावर शाडूची अकरा माणसं उभी केली. एकीच्या डोक्यावर टोपलीसुद्धा.

चार दिवसांनी सुपडू सुंदरबाईला घेऊन आला. तिने पाटी पाहिली, छप्पर पाहिलं. मग फलाट पाहिला आणि तिचं तोंड उतरलं.

"आठे बी हुभाच का आमी?"

लीलाधरांनी चिमटा उचलला. एकेकाला उचलून चावीच्या गाडीच्या डब्यात बसवलं. टोपलीवालीला खिडकी मिळाली. फलाट रिकामा झाला आणि सुंदरबाई हसली.

(इथे साहेब येतात.)

साहेब रेल्वेचे, बदलून नवीन आलेले. महिनाअखेर सबंध लाइनीची पाहणी उरकायची होती. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. उघड्या ट्रॉलीवरून जायचं म्हणजे भाजून निघायचं. प्रदर्शनाच्या मांडवात पंखा होता. साहेब अठरा फुटांसमोर उभे राहिले. चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"तोताराम, वही काढा."

तोताराम त्यांचा कारकून. त्याने वही काढली.

"हे झाड सिग्नलच्या आड येतंय. तोडा."

"लिहिलं, साहेब."

"पुलाखाली पाणी का नाही?"

"एप्रिल आहे, साहेब," लीलाधर म्हणाले.

"बरोबर. एप्रिलच आहे." साहेबांनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. "तोताराम, जागेवर जाऊन पाहणी केली, असं लिहा."

लीलाधरांची छाती फुगली. आयुष्यात एवढी शाबासकी त्यांना कुणी दिली नव्हती. साहेब टेबलाच्या कडेकडेने निघाले.

अमळनेर.

नरडाणा.

शिंदखेडा.

वाघखेडे.

साहेब थांबले. "इथे उतारू किती?"

तोतारामने वाकून पाहिलं. खोलीच्या मागेही पाहिलं. "एकही नाही, साहेब."

"ते गाडीत बसलेत," लीलाधर घाईने म्हणाले.

"गाडीत बसले ते गेले, मास्तर. मागे कोण उरलं?"

"साहेब, अहो, हे स्टेशन मी काड्यापेटीचं—"

"बांधकामाबद्दल माझी तक्रार नाही." साहेबांनी चष्मा काढला. "उतारूंबद्दल आहे. पुढे चला, तोताराम."

आठ दिवसांनी वाघखेड्याला टपाल आलं. गावात कुणाला अर्थ लागेना. सुपडू कागद घेऊन जळगावला मास्तरांच्या घरी आला. मागून सुंदरबाई, एकेक पायरी धरत. लीलाधरांनी मोठ्याने वाचलं.

*विषय : वाघखेडे थांबा बंद करणेबाबत.*

*उपरोक्त थांब्याची जागेवर पाहणी केली असता एकही उतारू आढळून आला नाही. सबब सदर थांबा येत्या एक तारखेपासून बंद करण्यात येत आहे. ग्रामस्थांनी नोंद घ्यावी.*

खाली सही. सहीवर गोल शिक्का.

लीलाधर खाटेवर बसले. "चूक माझी. माणसं फलाटावर असती तर हे झालं नसतं. मी आजच्या आज त्यांना खाली उतरवतो आणि साहेबांना बोलावून आणतो."

"त्यासले उतारू नका," सुंदरबाई म्हणाली. "बसेल शेतस त्या. बसू द्या."

सुपडू भिंतीला टेकून खाली बसला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "अकरा वरीस नही म्हनेत. आते बंद बी करं. बठ्ठं सरनं."

सुंदरबाईने कागद मास्तरांच्या हातातून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिने शिक्क्यावर बोट ठेवलं.

"हाऊ शिक्का सरकारना शे ना, मास्तर?"

"सरकारचाच आहे, अक्का."

"मंग जे नही, ते सरकारले बंद करता येस का?"

"छे, ते कसं करता येईल? आधी असावं लागतं, मग—"

लीलाधर बोलता बोलता थांबले. त्यांनी कागद परत घेतला आणि पुन्हा वाचला. या वेळी मनात. सुपडू हळूहळू उभा राहिला.

मग लीलाधरांनी ब्रशांच्या डब्यातून टाक शोधला, कोरा कागद मांडीवरच्या पाटीवर घेतला आणि आपल्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहायला सुरुवात केली.

*विषय : वाघखेडे थांबा पूर्ववत सुरू करणेबाबत.*