आधी गाळायचं, मग क्लोरीन

"बाजूला हो!"

"नाही होणार."

क्लोरीनच्या खोलीच्या दारात केमिस्ट हात पसरून उभी, आणि समोर कोण? तिचेच सासरे! पाणीपुरवठ्याचे मोठे साहेब. बाह्या दुमडलेल्या, हातात मोबाईल, स्पीकर चालू. पलीकडे नगराध्यक्ष नुसते पेटलेले.

"लोक बाटल्यांत हिरवं पाणी भरून माझ्या दारात बसलेत! तळ्याचं पाणी आत येतं ना, तिथेच सोडा भरपूर क्लोरीन. दुपारपर्यंत काचेसारखं पाहिजे मला!"

"होईल की काचेसारखं," केमिस्ट म्हणाली. "शेवाळ फुटेल, रंग जाईल, आणि त्याच्या पोटातलं सगळं विष पाण्यात उतरेल. आधी शेवाळ अख्खं गाळून काढायचं, मग क्लोरीन. उरलंसुरलं विष तो मारतो. पण त्याला वेळ द्यावा लागतो."

"किती?"

"उद्यापर्यंत नळ बंद. टँकर फिरवा."

"टँकर! अहो साहेब, सून कोणाची ही? घरीपण असंच चालतं का?"

साहेब लालबुंद. "ऐकलंस? रिटायर व्हायला आलोय मी. जाता जाता नाव घालवू नकोस माझं. सरक!"

"बाबा, तुमची नात याच पाण्यात कालवलेलं दूध पिते."

"नातीला मध्ये आणू नकोस!" ते असे ओरडले, की पत्र्यावरची कबुतरं फडफडत उडाली.

"आणणार! ढकलून जायचं असेल तर ढकला. मी हलणार नाही."

 

"राहू द्या," फोनमधून आवाज आला. "सुनेपुढे काही चालत नाही तुमचं. मीच येतो. माझ्या हाताने व्हॉल्व्ह फिरवतो. बघू मला कोण अडवतं!"

फोन कट.

तिने दाराची चौकट आणखी घट्ट धरली. "येऊ देत. त्यांनाही हेच ऐकवीन."

सासऱ्यांनी मोबाईल खिशात टाकला. इकडेतिकडे पाहिलं. आणि तिच्या पायाशी, उंबऱ्यावरच, मस्त फतकल मारली.

"येऊ दे की. फिरवू दे हवा तेवढा," ते म्हणाले. "तळ्याच्या पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्या पाईपला पहाटेच बूच मारून आलोय मी."