दारात अडलेला पाळणा

"आजोबा, हे कोणासाठी चाललंय?"

यास्नाने विचारलं, आणि तेही पप्पा चार हातांवर जाळं सांधत बसलेले असताना. पैजच तशी होती. शाळेतून येताना काती आणि पाओला म्हणाल्या होत्या, "तुझ्या पप्पांना ऐकू जाईल असं विचारून दाखव, मग मानू तुला." आता दोघी पालथ्या होडीमागे दडून हसू दाबत होत्या.

खरं तर उत्तर सगळ्या खाडीला ठाऊक होतं. पप्पा सगळीकडे सांगत सुटले होते की म्हातारा मेंढ्यांसाठी गव्हाण करतोय. पण गव्हाणीची कड कोणी महिनाभर घासत बसत नाही, एवढं चिलोए बेटाच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही कळतं.

आजोबांचा हात थांबला नाही. पन्नास वर्षांत त्यांनी इथे एकतीस होड्या बांधल्या होत्या. पाळणा पहिलाच.

"नातवंडासाठी," ते म्हणाले. मग जरा आवाज चढवून, "आमच्या मारित्साच्या बाळासाठी. शनिवारच्या बोटीनं येतेय ती."

पप्पांची सुई जाळ्यात अडकली. मारित्सा त्यांची धाकटी बहीण, यास्नाची आत्या. पुएर्तो मोन्त शहरात मासळीच्या कारखान्यात कामाला. आठवा महिना, आणि नवरा नाही. पप्पांनी फोनवर तिला दोनच शब्द ऐकवले होते: जागा नाही.

"घर आता माझ्या नावावर आहे, बाबा," पप्पा म्हणाले.

"आहे की. मीच करून दिलंय. लाकूड माझं आहे."

यास्ना वाकून बघायला लागली. होडीच होती ती. खाली गोल कणा, वाफेवर वाकवलेल्या फासळ्या, सायप्रसच्या फळ्या. खिळा एकही नाही, नुसत्या लाकडाच्या खुंट्या. कोरड्या ठोकायच्या आणि वरून पाणी मारायचं, म्हणजे फुगून बसतात आणि मग जन्मात निघत नाहीत. फटीसुद्धा सालीच्या काथ्याने बुजवलेल्या.

"आजोबा, हा काय समुद्रात जाणार आहे?"

"सवय गं. आणि यात पाणी आतूनच यायचंय."

होडीमागून काती खिदळली, आणि दोघी पकडल्या गेल्या. पकडल्या गेल्या त्या कामालाच लागल्या. आजोबांनी शेवटची खुंटी ठोकली, तळव्याने एकदा कड चाचपली आणि म्हणाले, "उचला." चौघांनी पाळणा चढावरून घरापर्यंत नेला. पप्पा मागून आले, हात खिशात घालून.

आई दारात उभी होती, हाताला किसलेला बटाटा. ती बाजूला झाली. पाळणा दाराशी आला आणि अडला.

आडवा करून बघितला. तिरका केला. फासळ्यांचा फुगवटा चौकटीला घासायचा आणि जिथल्या तिथे. वीतभर कमी पडत होतं. खिडक्या तर दारापेक्षा लहान.

आजोबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सगळं नजरेनं मापलं," ते म्हणाले. "होडीला कधी दारातून जावं लागत नाही."

पप्पा हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले.

"बघा. मी म्हणत होतो ना जागा नाही? आता दारच सांगतंय. कापा दोन्हीकडून, नाहीतर ठेवा मेंढ्यांपुढे."

पाओला पायाने वाळू उकरायला लागली. आजोबा पायरीवर बसले, पेटीतून करवत काढली आणि फासळीवर टेकवली. पण ती काही ओढली नाही.

यास्नाने ती करवत काढून घेतली.

"ए पोरी, ठेव ते खाली," पप्पा म्हणाले.

"पप्पा, गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या कार्कामोंचं घर टेकडीवरून खाली आणलं. अख्खं लाकडी घर, ओंडक्यांवरून ओढत. बारा बैल, सगळा गाव, आणि दोर धरून सगळ्यांत पुढे तुम्ही. त्यांच्या सुनेला उतरण झेपत नव्हती म्हणून."

"ते वेगळं."

"हो. ते घर होतं. हे तर नुसतं दार आहे."

पप्पांनी आईकडे बघितलं. आईने हात एप्रनला पुसले, दाराचं पान बिजागऱ्यांवरून उचलून काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. एवढं करून ती परत बटाटे किसायला गेली.

यास्नाने चौकटीवर करवत ठेवली.

"डावी बाजू काप," आजोबा पायरीवरूनच म्हणाले. "उजवीवर छपराचा भार आहे."

तिने बाजू बदलली. पहिला भुसा तिच्या शाळेच्या बुटांवर पडला. तेव्हा ती थांबली आणि आत स्वयंपाकघरापर्यंत पोचेल इतक्या आवाजात, पण शांतपणे म्हणाली,

"पप्पा, आई, माझं ठरलंय. आत्या माझ्या खोलीत राहील. पलंग तिचा, पाळणा खिडकीशी, मी खाली. नवं रुंद दार होईतो, म्हणजे शनिवारपर्यंत, घराला दार नसेल. गार वाटलं तर चुलीजवळ सरका."