बायपास झालं

मेकॅनिक मुश्ताकभाऊंनी गाडीच्या हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप कापले आणि हिरवट पाणी सारवलेल्या अंगणात पसरलं.

"सूनबाई, हीटर गेला म्हना आता," ते बॉनेटखालूनच बोलले. "त्याची जाळी आतून सडली. इंजिनचं सारं पानी तिथूनच गाडीत गळून राह्यलं होतं. असंच नागपूरले निघाले असते तं सिंदेवाही यायच्या आत इंजिन उकळलं असतं."

"आणि बाळाला थंडी?"

"दुपट्ट्यात गुंडाळजा. पोंभुर्ण्यात हीटर लावते कोन? उन्हाळ्यात तं सारं गावच हीटर होते."

नीलिमाला हसू आलं नाही. ती ओसरीवर बाळाला घेऊन बसली होती. सकाळपासून ते तोंड लावत होतं आणि सोडून देत होतं. छाती दगडासारखी झाली होती. लक्ष सगळं नागपूरकडे. तिचे सासरे देवाजी तिथल्या दवाखान्यात होते. आज त्यांचं बायपास होतं. हेमराज, तिचा नवरा, सोबत गेला होता.

देवाजींची टॅक्सी जुनी. तिच्यात पायाशी पाणी साचायचं, म्हणून स्टँडवरच्या श्रीहरीनं त्यांना आपल्या गाडीतून नेलं. छाती दाबून धरलेली असतानाही देवाजी निघताना म्हणाले होते, "मुश्ताकले बोलाव. हीटर चालू करून दे म्हना. नातू मले भेटायले येईन तं गारठला नाई पायजे." उद्या नीलिमा, बाळ आणि सासू गुणाबाई याच गाडीनं जाणार होत्या.

मोबाइलवर जे सापडेल ते सगळं नीलिमानं वाचून काढलं होतं. पायातली नस काढतात, काळजाला जोडतात. अडलेला रस्ता तसाच सोडून रक्त दुसरीकडून वाहतं. गुणाबाईंना तिनंच हे समजावून सांगितलं होतं. मुश्ताकभाऊही तेच करत होते. त्यांनी एक वाकडी नळी घेतली, कापलेली दोन तोंडं तिला जोडली, क्लिपा आवळल्या. हीटर मधून वगळला गेला. गाडी सुरू करून ते खाली वाकले. एक थेंब गळत नव्हता.

"झालं!" ते ओरडले. "बायपास झालं!"

आत काहीतरी खाली पडलं. गुणाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या.

"झालं? बायपास झालं?" त्यांनी हात जोडले, कपाळाला लावले. कपाळावर पीठ उमटलं. "नीलिमा, आयकलं काय वं? झालं म्हनते!"

"आई, ते गाडीचं..."

तेवढ्यात तिच्या मांडीजवळचा फोन थरथरला. तो देवाजींचा होता. सोबत असला तर पलंगावरूनही सवाऱ्या घेत बसतील, म्हणून हेमराजनं तो घरीच ठेवायला लावला होता. स्टँडवरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो आला होता. याच गाडीला टेकून उभे असलेले देवाजी. खाली दोन जोडलेले हात आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पाठवणारा श्रीहरी.

नीलिमानं फोन उपडा ठेवला. मग पुन्हा उचलून पाहिला. फोटो तोच होता.

मुश्ताकभाऊंचा फोनही वाजला. त्यांनी फडक्याला बोटं पुसली, स्क्रीनकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. मग नीलिमाकडे बघितलं. तिनं अगदी हळू मान हलवली. नको.

"आयकू नाई आलं काय भाऊ?" गुणाबाई म्हणाल्या. "नीट झालं ना?"

"हो बाई. एकदम नीट झालं. आता काई टेन्शन नाई."

गुणाबाई साखर घेऊन आल्या. मुश्ताकभाऊंच्या काळ्या हातावर चिमूट ठेवली. मग नीलिमाच्या तोंडात घातली. स्वतः मात्र घेतली नाही. नीलिमानं साखर गालातच धरून ठेवली. हेमराज येईपर्यंत तरी, ती स्वतःला बजावत होती. तेवढं तरी आनंदात राहू दे यांना. रडायचं नाही. चेहरा दिसू द्यायचा नाही.

"आता तरी बिनघोर पाज," गुणाबाई तिच्यापाशी येऊन बसल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. वरून खाली, वरून खाली. "सुटले ना तुये सासरे? मंग कायले अंग आखडून बसली? ढिलं सोड. हं. असं."

नीलिमानं डोळे मिटले. त्या हाताखाली अंग खरंच सैल पडत गेलं. बाळानं तोंड लावलं आणि या वेळी सोडलं नाही. ते गटागटा पिऊ लागलं. मुश्ताकभाऊ पाठ करून उभे होते. आवळलेल्याच क्लिपा पुन्हा पुन्हा आवळत होते.

बाळ पिऊन झोपलं. गुणाबाईंनी त्याला अलगद उचलून खांद्यावर घेतलं, ढेकर काढली. पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"नीलिमा," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बसला होता. "हेमराजचा फोन मले पहाटेच आला. आपरेशनपावतो पोचलेच नाई ते. तुले सांगतलं असतं तं दूध आटलं असतं माय. लेकरू उपाशी राह्यलं असतं."



गुणाबाई नातवाला थोपटत उठल्या आणि अंगणात उतरल्या.

"मुश्ताकभाऊ, गाडी बाजूले घ्या आता. ॲम्बुलन्स अंगनात याले जागा पायजे."