दोन चुली

“मास्तर, पास झालात!” डॉक्टरीणबाई रिपोर्ट बाजूला ठेवत म्हणाल्या. “कोलेस्टेरॉल खाली, साखर जागेवर, वजनही उतरलंय.”

मास्तर खुर्चीत ऐसपैस बसले. उभा जन्म लोकांना गाडी शिकवून परीक्षेला बसवण्यात गेलेला. स्वतः पास होण्याची मजा काही औरच होती.

गेल्या वर्षी गाडी मागे घ्यायला शिकवतानाच त्यांच्या छातीत कळ आली होती. शिकणाऱ्या बाईंनीच, थरथरत का होईना, गाडी थेट दवाखान्यात आणली. स्टेंट बसला. घरी आल्यावर बायकोने सूत्रं हाती घेतली. लोणी बंद, तळण बंद, सिगारेटचं तर नावच काढायचं नाही. मास्तरांचा स्वयंपाक वेगळा होऊ लागला. उकडलेल्या भाज्या, बेताचं मीठ, मूठभर कडधान्य. संध्याकाळी ती त्यांना अक्षरशः दाराबाहेर काढायची. तळ्याला फेरी मारल्याशिवाय घरात प्रवेश नव्हता.

“सगळं हिचं श्रेय,” मास्तर शेजारी बसलेल्या बायकोकडे बघत हसत म्हणाले. “घरात बायको नाही, फौजदार आहे!”

“मग फौजदारांचंही बीपी बघू या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“इश्श, मला काय धाड भरलीय?”

“काटक आहे हो ती,” मास्तरांनी दुजोरा दिला.

डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला. आकडा पाहिला. पट्टा सोडला, तिला जरा वेळ शांत बसवलं आणि पुन्हा बांधला.

“जिना चढताना दम लागतो का?”

“लागतो थोडा. वय झालं आता.”

“तुम्ही चालायला जाता का रोज?”

“मी कशी जाणार? हे फिरायला गेले की पोरांचा स्वयंपाक करायचा असतो. त्यांना यांचं अळणी चालत नाही.”

“आणि तुम्ही स्वतः काय जेवता?”

उत्तर मास्तरच देणार होते, पण त्यांना ठाऊकच नव्हतं. रोज तिच्या हातचं जेवत होते, पण तिच्या ताटात त्यांनी कधी डोकावून पाहिलं नव्हतं.

“मी काय, उरलंसुरलं,” ती म्हणाली. “पोरं तळलेले बटाटे अर्धे टाकून उठतात. फेकवत नाही हो.”

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या लिहून दिल्या. “घाबरू नका, वेळेत कळलंय. पण असंच चाललं, तर एक दिवस पेशंटच्या खुर्चीत या बसतील, मास्तर, आणि शेजारी तुम्ही.”

घरी परतताना ती नेहमीसारखी बडबडत होती. भाजी घ्यायची राहिली, पंख्याचा आवाज येतोय. मास्तर नुसते हुंकार भरत होते. दोनदा सिग्नल हिरवा झाला तरी मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी तिने सवयीने शेगडीवर दोन पातेली चढवली. मास्तरांनी त्यातलं एक उतरवून फडताळात ठेवलं. पोरांना हाका मारून त्यांच्यासमोर भाज्यांचा ढीग ओतला. “चिरून ठेवा. उकडायला टाका. जमेल तशी.”

“आणि आई?”

“आई माझ्याबरोबर तळ्यावर येतेय.”

ती नाही-नाही म्हणत राहिली, पण चपला घातल्याच. अर्ध्या वाटेत दोघं दम खायला बाकावर टेकली, ती हसली, दोघं पुन्हा चालू लागली.

रात्री चौघांच्या ताटात एकच जेवण होतं. गाजर एक कच्चं, एक गाळ झालेलं. लेकीने नाक मुरडलं. मुलाने भाजी काट्याने उलटीपालटी करून पाहिली.

“बाबा, पथ्य तुम्हाला आहे. आम्ही का म्हणून खायचं हे?”

मास्तरांनी बायकोच्या ताटात आणखी एक डाव वाढला. “का म्हणजे? हृदय काय या घरात मला एकट्यालाच आहे?”