चार पिनांचा प्लग

"पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच," असं लेकीनं, श्रुतीनं फोनवर सांगितलं, तेव्हा प्रसेनजीतला मनातून बरं वाटलं. दुपारी लोडशेडिंग असायचं, म्हणून तो सकाळीच स्क्रूड्रायव्हर आणि ब्रश घेऊन राजारामपुरीतल्या फ्लॅटवर पोचला. दार निशाच्या आईनं, मीनाबाईनं उघडलं. निशा आत स्वयंपाकघरात होती. घटस्फोट झाल्यापासून तो आला की ती तिथंच असायची.

बिघाड काय आहे, हे त्याला घरून निघतानाच माहीत होतं. हा कॉम्प्युटर त्यानं आणि श्रुतीनं मिळून जोडला होता, एकेक पार्ट निवडून, खास तिच्या गेमसाठी. त्यात प्रोसेसरला वीज देणारा चार पिनांचा प्लग असतो. तो नीट दाबला की खटका लागतो आणि मग हलत नाही. वर्षभर प्रसेनजीत दर वेळी निघताना तो प्लग खटका लागू न देता नुसता टेकवून ठेवत आला होता. पंख्याच्या थरथरीनं प्लग हळूहळू वर सरकायचा आणि महिन्या-दोन महिन्यांत कॉम्प्युटर बंद पडायचा. मग फोन यायचा. मुलीला भेटायला या, असं या घरातून त्याला कुणी म्हणत नव्हतं. कॉम्प्युटर बघायला या, असं म्हणत होते.

त्यानं झाकण काढलं आणि काम किचकट असल्याचं नेहमीचं सोंग आणलं. रॅम काढून खोडरबरानं घासली. पंख्यात साचलेली धूळ झाडली. वायरी एकेक करून काढल्या, परत लावल्या. असा तास-दीड तास सहज निघायचा. तेवढ्यात तो तिला कॉलेजचं विचारायचा, आणि ती टॉर्च धरून बोलत राहायची. आज टॉर्च टेबलावरच होता. श्रुती पलंगावर बसून त्याच्या हातांकडं बघत होती.

"रविवारची स्पर्धा कशी झाली?" त्यानं विचारलं. "तुमची टीम कितवी आली?"

"खेळलोच न्हाई," ती म्हणाली. इथल्या सगळ्या पोरींसारखी तीही मुलांसारखं 'आलो, गेलो' बोलायची.

"का गं?"

"आधी कॉम्प्युटर बघा की."

त्यानं शेवटी त्या प्लगला बोट लावलं. प्लग हलला नाही. त्यानं वाकून पाहिलं. खटका पक्का बसलेला होता.

"चालू करा," श्रुती म्हणाली.

त्यानं बटण दाबलं. एकदा बीप वाजला आणि स्क्रीन उजळली. कॉम्प्युटरला काहीही झालेलं नव्हतं. प्रसेनजीतनं हात मागं घेतला.

"रिक्षात घालून हॉलवर नेलता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिथं लावला आणि स्क्रीन काळी. दुसऱ्या टीमच्या पोरानं झाकण काढून बघितलं. म्हणाला, हा प्लग बसवलाच न्हाई, नुसता टेकवलाय. कुणी केलं हे काम? सगळे जमलेले. मी म्हणालो, मीच केलंय."

"अगं, पण तू का..."

"मग काय सांगू? पप्पांनी केलंय? पप्पा इंजिनियर हायत?" ती थांबली. "पोरं हसली. म्हणाली, पोरगीनं जोडला की असंच व्हायचं. तोवर आमची वेळ संपली. टीम बाद झाली. घरी येऊन बसलो, तेव्हा मागच्या खेपा आठवल्या. मग प्लग पक्का दाबला आणि तुम्हाला फोन केला."

स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज आला. प्रसेनजीतनं तिकडं पाहिलं.

"आईला सांगितलं न्हाई मी," श्रुती म्हणाली.

"तुला भेटता यावं म्हणून गं. तुझी आई एरवी घरात घेणार नाही मला."

"ते कळलं मला. पण एकदा तरी दारात उभं राहून सांगायचं होतं, श्रुतीला भेटायला आलोय म्हणून. आई नको म्हणाली असती, तर मी भांडलो असतो तिच्याशी."

"आता सांगतो. आत्ता बोलतो तिच्याशी."

"आता नको," ती म्हणाली.

त्यानं झाकण लावलं. एक स्क्रू बोटांतून निसटून पलंगाखाली गेला. श्रुतीनं वाकून तो काढला आणि टेबलावर ठेवला. त्याच्या हातात दिला नाही. त्यानं तो आवळला. ब्रश, स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला.

निशा पदराला हात पुसत दारात आली. "झालं का?"

त्यानं तोंड उघडलं, पण उत्तर श्रुतीनं दिलं. "झालं. आता न्हाई बंद पडायचा."

"बरं झालं," निशा म्हणाली. मग जरा सभ्यपणानं त्याला म्हणाली, "दर खेपेला तुम्हाला यावं लागत होतं."

ती आत गेली. श्रुती स्क्रीनकडं तोंड करून खुर्चीवर बसली. तिनं हेडफोन कानांवर चढवला. तो पिशवी उचलून बाहेर आला. मीनाबाई दाराशीच होती. त्यानं चपला घातल्या.

"जातो," तो म्हणाला.

मीनाबाईच्या कपाळाला आठी पडली. "येतो म्हणावं की, पावणं," ती म्हणाली, आणि त्यानं तसं म्हणेपर्यंत दार धरून उभी राहिली.