दुभाषी

"काय म्हणतात गं तुझ्या बाई?" आईने शाल्मलीला विचारलं.

शाल्मलीने मान खाली घातली. जर्मनीतल्या या शाळेत तिला चार महिने झाले होते. पहिल्याच दिवशी तिच्या उच्चारांवर सगळा वर्ग खो खो हसला आणि तेव्हापासून तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. कळत मात्र सगळं होतं. बाई आत्ताच म्हणाल्या होत्या, "हिला भाषा येतच नाही. खालच्या वर्गात बसवावं लागेल."

"म्हणतात, मी हुशार आहे," ती पुटपुटली.

आईचा चेहरा उजळला. "त्यांना म्हणावं, घरी हिची टकळी क्षणभर थांबत नाही. सांग ना!"

आई वाट पाहत होती. बाईही पाहत होत्या. गप्प राहावं तर आईला सगळं कळणार, बोलावं तर पुन्हा हसं होणार.

"आई म्हणते," अडखळत का होईना, तिच्या तोंडून जर्मन शब्द बाहेर पडले, "मी घरी खूप बोलते. आणि मी आत्ता तिच्याशी खोटं बोलले."

बाई हसल्या नाहीत. हातातला वर्ग बदलण्याचा फॉर्म त्यांनी बाजूला ठेवला.

"आता आईलाही खरं सांग," त्या म्हणाल्या. "मी थांबते."